खुनी सापडला, तरी खटला का नाही? ‘मेमरीज ऑफ मर्डर’ आणि ह्वासाँगचे खून

‘पॅरासाइट’ला ऑस्कर मिळाल्यानंतर बाँग जून-हो हे नाव आपल्याकडेही परिचित झाले आणि त्याचे जुने चित्रपट शोधून पाहणारे अनेक जण २००३ सालच्या ‘मेमरीज ऑफ मर्डर’पर्यंत पोचले. हा कोरियन थरारपट संपल्यावर प्रेक्षकाच्या मनात एक प्रश्न हमखास उरतो. खुनी नेमका कोण होता, हे चित्रपट सांगतच नाही. थोडी शोधाशोध केली की त्याहून बुचकळ्यात टाकणारी माहिती हाती येते. ज्या खऱ्या खुनांवर हा चित्रपट बेतलेला आहे, त्यांचा गुन्हेगार २०१९ मध्ये सापडला, त्याने कबुलीही दिली, पण त्या खुनांसाठी त्याच्यावर खटला चालला नाही आणि चालणारही नाही. या दोन्ही कोड्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. पुढील मजकुरात चित्रपटाचा शेवट उघड होतो, त्यामुळे ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहून घेतलेला बरा.

मूळ घटना

सोलच्या दक्षिणेस, ग्याँगी प्रांतातील ह्वासाँग हा त्या काळी भातखाचरांचा आणि विखुरलेल्या वस्त्यांचा भाग होता. सप्टेंबर १९८६ ते एप्रिल १९९१ या काळात तेथे १० स्त्रिया आणि मुलींचे खून झाले. त्यांत शाळकरी मुली होत्या, तशी सत्तरी ओलांडलेली वृद्धाही होती. तपासात रोज राबलेल्या पोलिसांची बेरीज केली तर ती २० लाखांच्या पुढे जाते आणि चौकशी झालेल्यांची संख्या सुमारे २१ हजार भरते. तरीही खुनी सापडला नाही.

तो काळ कोणता होता, हे लक्षात घेतल्याशिवाय या अपयशाचा अर्थ लागत नाही. १९८६ मध्ये दक्षिण कोरियात चुन दू-ह्वान याची लष्करी पाठबळावरची राजवट होती आणि पोलिसांचे मुख्य काम आंदोलने मोडून काढणे हे होते. जानेवारी १९८७ मध्ये सोलमध्ये एका विद्यार्थ्याचा पोलिस कोठडीतील छळात मृत्यू झाला, तेव्हा ‘आम्ही टेबलावर हात आपटला आणि तो कोसळला’ असा खुलासा पोलिसांनी केला होता. त्या मृत्यूवरून उसळलेल्या संतापातूनच जून १९८७ चे मोठे जनआंदोलन उभे राहिले. चित्रपटात याचा उल्लेख ओझरता येतो, पण नेमक्या जागी येतो. आज रात्री खून होणार याची खात्री पटलेले तपास अधिकारी बंदोबस्तासाठी जादा कुमक मागतात आणि त्यांना उत्तर मिळते की सगळे जवान निदर्शने दडपायला गेले आहेत. त्या रात्री खून होतो.

उत्तर न देणारे रहस्य पाहण्यात रस का वाटतो?

बाँगचा हा दुसराच पूर्ण लांबीचा चित्रपट. तो किम क्वांग-रिम यांच्या १९९६ मधील नाटकावर आधारलेला आहे. कथा मुख्यतः दोन पोलिसांची आहे. स्थानिक अधिकारी पार्क दू-मान (साँग कांग-हो) याची श्रद्धा अशी, की माणसाच्या डोळ्यांत पाहिले की गुन्हेगार ओळखू येतो. सोलहून आलेला सो ते-युन (किम सांग-क्याँग) याचा विश्वास फक्त कागदपत्रांवर.

सुरुवातीलाच एक छोटा प्रसंग आहे आणि माझ्या मते सगळा चित्रपट त्यात साठवलेला आहे. पोलिस ठाण्यात शेजारी शेजारी बसून दोन तरुण जबाब लिहीत असतात. त्यांतील एक बलात्काराचा आरोपी आहे आणि दुसरा पीडित मुलीचा भाऊ, ज्याने त्याला पकडून आणले आहे. वरिष्ठ अधिकारी पार्कला म्हणतो, तुला डोळ्यांवरून कळते ना, मग यांतला आरोपी कोणता ते सांग. पार्क त्यांच्याकडे टक लावून पाहू लागतो, आपणही पाहू लागतो आणि दिग्दर्शक उत्तर न देताच पुढे निघून जातो. आपण त्या क्षणी मनातल्या मनात एकाला आरोपी ठरवलेले असते. कशावरून ठरवले, हे मात्र सांगता येत नाही.

रहस्यपटाचा नेहमीचा करार असा असतो, की शेवटी उत्तर मिळेल या भरवशावर प्रेक्षकाने दोन तास ताण सोसायचा. येथे ताण निर्माण होतो तो वेगळ्या जागेतून. एकामागून एक तीन संशयित समोर येतात. पहिला बेक क्वांग-हो हा चेहऱ्यावर भाजल्याच्या खुणा असलेला मतिमंद तरुण. त्याला मारहाण होते, त्याच्या बुटाचा खोटा ठसा उमटवला जातो आणि जंगलात नेऊन त्याच्याकडून कबुलीजबाब पाठ करून घेतला जातो. त्या वेळी आपल्याला पोलिसांची चीड येते आणि काही वेळा, कबूल करायला हरकत नाही, हसूही येते. दुसऱ्या संशयिताच्या वेळी आपण जरा साशंक होतो. तिसरा पार्क ह्यान-ग्यू हा कारखान्यात कारकुनी करणारा, मऊ हातांचा, शांत चेहऱ्याचा तरुण. रेडिओवर तो एका विशिष्ट उदास गाण्याची फर्माईश पाठवतो आणि ते गाणे लागलेल्या पावसाळी रात्रींनाच खून झालेले असतात. या टप्प्यावर येईपर्यंत आपल्यालाच तो दोषी हवा असतो. जी शाळकरी मुलगी आधी सो ते-युनशी बोललेली असते आणि जिच्या पाठीवर त्याने स्वतः चिकटपट्टी लावून दिलेली असते, तिचाच मृतदेह सापडतो. मग कागदपत्रांवर विश्वास ठेवणारा सो पिस्तूल घेऊन ह्यान-ग्यूवर धावून जातो आणि आपली त्याला मनातून साथ असते. अर्ध्या तासापूर्वी ज्या पोलिसी वागणुकीची चीड आली होती, तिच्याच बाजूला आपण नकळत जाऊन उभे राहतो. या चित्रपटाला मानसशास्त्रीय थरारपट म्हणायचे ते या कारणाने. खुन्याचे मन त्यात कुठेच दिसत नाही. चाचणी होते ती शोधणाऱ्याच्या आणि पाहणाऱ्याच्या मनाची.

तपास एका माणसाभोवती कसा आवळत जातो?

याला मानसशास्त्रात पुष्टीचा पूर्वग्रह म्हणतात. आधी निष्कर्ष मनात पक्का होतो, मग त्याला पोषक ते ठळक दिसू लागते आणि विरोधी ते क्षुल्लक वाटू लागते. शब्दकोडे सोडवताना एखादा चुकीचा शब्द पेनाने लिहून बसलो की काय होते ते आठवून पाहावे. त्याला छेदणारे शब्द त्या चुकीच्या अक्षरांवरून सुचू लागतात, दोन-तीन शब्द योगायोगाने जुळतातही आणि प्रत्येक जुळणीबरोबर मूळ चूक अधिक खरी वाटू लागते. कोडे शेवटी अडते, तेव्हा आपण संशय घेतो तो अडलेल्या जागेचा. पहिल्या शब्दाचा घेत नाही.

प्रत्यक्ष ह्वासाँगमध्ये असा ‘पेनाने लिहिलेला शब्द’ होता रक्तगट. उपलब्ध नमुन्यांवरून खुन्याचा रक्तगट बी असावा, असे पोलिसांनी धरले होते. रक्तगटाची चाचणी एखाद्याला वगळण्यासाठी चांगली असते, पण केवळ एका अटीवर: ज्या नमुन्याशी तुलना करायची तो खरोखर गुन्हेगाराचाच असला पाहिजे आणि तो बरोबर वाचलेला असला पाहिजे. पुढे जो खरा गुन्हेगार निघाला, त्या ली छुन-जेचा रक्तगट ओ होता. तो त्याच परिसरातील रहिवासी होता, त्या काळात त्याची चौकशीही झाली होती आणि तो सुटला होता. २१ हजारांच्या त्या यादीत खुनी अनेक वर्षे होताच, फक्त त्याच्या नावापुढे ‘जुळत नाही’ असे लिहिलेले होते.

निरपराध माणूस खून कबूल करेलच कसा?

ही शंका सर्वांत स्वाभाविक आहे आणि तिचे उत्तर ह्वासाँगच्या आठव्या खुनात मिळते. सप्टेंबर १९८८ मध्ये एका १३ वर्षांच्या मुलीचा तिच्या घरातच खून झाला. पुढच्या वर्षी शेती-अवजारांच्या दुरुस्तीचे काम करणाऱ्या, विशीतल्या एका तरुणाला अटक झाली. पोलिओमुळे तो एका पायाने अधू होता. त्याने गुन्हा कबूल केला, घटनास्थळी सापडलेल्या केसाच्या प्रयोगशाळेतील विश्लेषणाने त्याला दुजोरा मिळाल्याचे सांगण्यात आले आणि त्याला जन्मठेप झाली. बाकीचे खून कोणा अज्ञात माणसाचे आणि हा एक त्यांची नक्कल, असे मानून पोलिसांनी हे प्रकरण सुटल्याचे जाहीर केले. शिक्षा पुढे कमी झाली आणि सुमारे २० वर्षे तुरुंगात काढून तो २००९ मध्ये बाहेर आला. १० वर्षांनी ली छुन-जेने जे खून कबूल केले, त्यांत हा खूनही होता.

फेरसुनावणीत सूवनच्या न्यायालयाने १७ डिसेंबर २०२० रोजी त्या तरुणाला, म्हणजे आता पन्नाशीत पोचलेल्या गृहस्थांना, निर्दोष ठरवले. त्यांना बेकायदा डांबून, झोपू न देता आणि मारहाण करून कबुली घेतली गेली होती आणि केसाचा अहवालही विश्वासार्ह नव्हता, हे त्यात स्पष्ट झाले. न्यायालयाने त्यांची माफी मागितली.

मारहाण हे कारण उघड आहे, पण ते एकच नसते. सतत जागे ठेवलेल्या माणसाची काळाची जाणीव बोथट होते. ‘आता सही केलीस तर झोपायला मिळेल’ हा फायदा समोर, याच क्षणी दिसत असतो. जन्मठेपेचा तोटा दूरचा आणि धूसर असतो. त्यात, आपण काहीच केलेले नाही तेव्हा न्यायालयात खरे काय ते कळेलच, अशी निरपराध माणसाची समजूत असते आणि ती त्याला सहीकडेच ढकलते. शिवाय प्रश्न विचारणारे नकळत तपशील पुरवत जातात. खिडकी कुठे होती, कपडे कोणते होते, हे प्रश्नांतूनच कानावर पडते आणि मग कबुलीत ते तपशील आले, की ‘हे खुन्याशिवाय कोणाला माहीत असणार?’ असे विचारले जाते. चित्रपटात बेक क्वांग-होचा पाठ करून घेतलेला जबाब पाहताना हेच घडताना दिसते. एक गोष्ट तेथे आणखी चटका लावते. बेकला खुनाची जी माहिती असते ती तो साक्षीदार असल्यामुळे असते, पण त्याला खुनी ठरवण्याच्या नादात त्याने काय पाहिले हे कोणी वेळेवर विचारतच नाही.

डीएनए चाचणी तेव्हा नव्हती का?

होती, पण नुकतीच जन्मलेली होती. माणसामाणसांतील जनुकीय फरकांवरून ओळख पटवण्याची पद्धत अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात शोधली. तिचा खुनाच्या तपासात पहिला वापर झाला तो तेथेच, १९८६-८७ मध्ये, म्हणजे ह्वासाँगचे खून सुरू होत असताना. त्या पहिल्याच वापरात तिने आधी कोणाला पकडून दिले नाही. दोन मुलींच्या खुनांपैकी एकाची कबुली दिलेल्या एका १७ वर्षांच्या मुलाला तिने निर्दोष ठरवले. खोट्या कबुलीचा प्रश्न कोरियाच्या हुकूमशाहीपुरता नव्हता, हेही त्यातून दिसते.

त्या काळातील पद्धतीला नमुना भरपूर आणि चांगल्या स्थितीतला लागत असे. चित्रपटात तो अमेरिकेला पाठवावा लागतो आणि उत्तर येते, की ह्यान-ग्यूशी तो जुळत नाही. आयुष्यभर ‘कागद खोटे बोलत नाही’ म्हणणारा सो तेव्हा म्हणतो, की हा कागदच खोटा आहे. डोळ्यांवर विश्वास असलेला पार्क बोगद्याच्या तोंडाशी ह्यान-ग्यूच्या डोळ्यांत रोखून पाहतो आणि त्याला म्हणावे लागते, मला कळत नाही. दोघांचीही श्रद्धा एकाच मिनिटात मोडते. पुढे पार्क त्या संशयिताला विचारतो, ‘वेळेवर जेवतोस ना?’ हे वाक्य साँग कांग-होने ऐनवेळी स्वतःचे घातले होते आणि ते कोरियात फार गाजले.

नंतरच्या काळात डीएनएचा अत्यल्प अंश प्रयोगशाळेत वाढवून तपासता येऊ लागला. २०१० पासून कोरियात गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांच्या डीएनएची नोंद ठेवण्याचा कायदाही लागू झाला. २०१९ मध्ये पोलिसांनी ह्वासाँगच्या जपून ठेवलेल्या पुराव्यांची नव्याने तपासणी करून घेतली, तेव्हा ती नोंद जुळली. ली छुन-जे त्या वेळी बुसानच्या तुरुंगात होता. १९९४ मध्ये मेहुणीवर बलात्कार करून तिचा खून केल्याबद्दल तो जन्मठेप भोगत होता. आधी नकार दिल्यावर त्याने १४ खून कबूल केले. ह्वासाँगचे १० आणि आणखी ४.

मग खटला का नाही?

कारण मुदत संपली होती. गुन्हा घडल्यापासून ठरावीक वर्षांत खटला भरला नाही तर राज्यसंस्थेचा तो अधिकार संपतो, या नियमाला मुदतमर्यादा म्हणतात. कोरियात तेव्हा खुनासाठी ती १५ वर्षांची होती. चित्रपट २००३ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा सुरुवातीच्या खुनांची मुदत उलटून गेली होती आणि शेवटच्या खुनाची ३ वर्षे उरली होती. तीही एप्रिल २००६ मध्ये संपली. २००७ मध्ये कायदा बदलून ही मर्यादा २५ वर्षे झाली आणि २०१५ मध्ये खुनासाठी ती पूर्णपणे काढून टाकण्यात आली. हा २०१५ चा बदल तेगू शहरात १९९९ मध्ये अ‍ॅसिड हल्ल्यात मरण पावलेल्या तेवान नावाच्या सहा वर्षांच्या मुलाच्या नावाने ओळखला जातो. मात्र त्याच्या स्वतःच्या प्रकरणाला त्याचा उपयोग झाला नाही, कारण एकदा संपलेली मुदत मागे जाऊन पुन्हा उघडता येत नाही. ह्वासाँगचेही तेच झाले.

असा नियम मुळात असावाच कशासाठी, असा संताप येणे साहजिक आहे. त्यामागचे तर्क अगदीच पोकळ नाहीत. वर्षे उलटली की साक्षीदारांची स्मृती विरते, कागद गहाळ होतात आणि निरपराध माणसाला ‘त्या रात्री मी कुठे होतो’ हे सिद्ध करणे अशक्य होऊन बसते. या प्रकरणातल्या आठव्या खुनाचा अनुभव पाहिला, तर चुकीच्या माणसाला पकडण्याची भीती किती खरी आहे हे कळते. पण हा तर्क साक्षीवर चालणाऱ्या खटल्यांना जेवढा लागू होतो, तेवढा ३० वर्षांनंतरही टिकणाऱ्या डीएनएला होत नाही आणि कायदा बदलण्यामागे हेही एक बळ होते.

भारतात खुनाला अशी मुदत नाही. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही मुदतमर्यादा आहे ती तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांनाच. तसेच पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्याकडे आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम ब्रिटिश काळापासूनचा आहे आणि नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. नियम असला म्हणजे कोठडीतली मारहाण थांबते असे नाही, हे वेगळे सांगायला नको.

खुनी सापडल्यावर चित्रपट शिळा झाला का?

चित्रपटाचा शेवट २००३ मध्ये घडतो. पोलिस खाते सोडून फळांचा रस काढण्याची यंत्रे विकणारा पार्क रस्त्याने जाताना, जेथे पहिला मृतदेह पाहिला होता त्या शेतातल्या पाटाशी थांबून आत डोकावतो. एक लहान मुलगी त्याला सांगते, की काही दिवसांपूर्वी आणखी एक माणूस असाच डोकावत होता आणि फार पूर्वी येथे केलेले काहीतरी आठवले असे म्हणत होता. तो दिसायला कसा होता, या प्रश्नावर ती म्हणते, साधाच, चारचौघांसारखा. मग पार्क थेट कॅमेऱ्यात पाहतो. खुनी कधीतरी हा चित्रपट पाहायला येईल, तेव्हा त्याची या नजरेशी गाठ पडावी, हा आपला हेतू असल्याचे बाँगने सांगितले आहे.

खुन्याने तो पाहिला होता, तुरुंगात. नोव्हेंबर २०२० मध्ये फेरसुनावणीत साक्ष देताना त्याने ते सांगितले आणि आपल्याला विशेष काही वाटले नाही, एक चित्रपट म्हणून पाहिला, असेही सांगितले. माझ्या मते याने शेवटच्या दृश्याचे महत्त्व उणावत नाही. ती नजर खुन्यासाठी योजलेली असली, तरी ती पोचली ५० लाखांहून अधिक कोरियन प्रेक्षकांपर्यंत, आणि त्यांतल्या बहुतेकांनी ह्यान-ग्यूला मनातून दोषी ठरवलेले होते. तो दोषी नव्हता याची खात्री चित्रपट देत नाही. पण ज्या प्रकारच्या खात्रीने आपण त्याला दोषी मानले, त्याच प्रकारच्या खात्रीने एक माणूस २० वर्षे आत बसला होता आणि तो २००३ मध्ये, चित्रपट गाजत असतानाही, आतच होता.

२०१९ च्या अखेरीस पोलिसांनी या प्रकरणाच्या नावातून ह्वासाँग काढून तेथे ली छुन-जेचे नाव घातले, कारण गावाच्या नावाला लागलेला डाग पुसावा अशी तिथल्या रहिवाशांची मागणी होती. आठव्या खुनात खोटी कबुली घेणाऱ्या आणि १९८९ मध्ये बेपत्ता झालेल्या एका शाळकरी मुलीचे अवशेष सापडूनही ते दडवणाऱ्या अधिकाऱ्यांविरुद्ध २०२० मध्ये पोलिसांनी कारवाईसाठी प्रकरण पुढे पाठवले, परंतु तेथेही खटला उभा राहू शकला नाही. त्यांच्या गुन्ह्यांचीही मुदत संपलेली होती.